जुन्या गाडीच्या इंजिनाचा आवाज आणि बिघडलेलं आयडलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या जुन्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या मालकांकडून हे प्रश्न सतत येतात. ‘जुनी’ म्हणजे इथे साधारण बारा-पंधरा वर्षांपुढची गाडी, आणि ‘आयडल’ म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग. उत्तरांमागे एकच हट्ट आहे: आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो हे आधी बघा, आणि स्वस्तातली तपासणी संपल्याशिवाय कुणाला हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवू देऊ नका.

१. गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते. जुनी झाली म्हणून सोडून द्यायचं का?

ते गाडी कोणती आहे त्यावर आहे. तीन सिलिंडरची मारुती ८०० किंवा अल्टो थोडी थरथरणारच, नवी होती तेव्हाही थरथरत होती. चार सिलिंडरचं इंजिन मात्र गरम झाल्यावर बऱ्यापैकी शांत बसायला हवं. बहुतेक पेट्रोल इंजिनांचं गरम आयडल ७५० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतं. सकाळी थंड सुरू केल्यावर ते १२०० ते १५०० पर्यंत चढतं आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतं.

थरथर एकसारखी असेल तर माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बसलंय किंवा आयडल फारच खाली लावलंय. मधूनच एखादा झटका बसत असेल तर ते मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधला स्फोट चुकतोय. आरपीएमचा काटा वरखाली हेलकावे घेत असेल तर हवेचं गणित बिघडलंय (प्रश्न ५ आणि १३). सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून बघा: निरोगी इंजिनात तो एका लयीत फडफडतो, मिसिंग असेल तर मध्येच आत ओढल्यासारखा होतो.

२. गॅरेजमध्ये नेली की आवाज बंद! मेकॅनिकला समजावून कसं सांगू?

‘खर्र-खर्र’, ‘किर्र’, ‘टकाटक’ यातलं कुणाचं खर्र काय असतं ते त्यालाच ठाऊक. त्यापेक्षा चार गोष्टी सांगा: इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चालत्या, ॲक्सिलरेटर दाबताना की सोडताना, आणि क्लच, एसी किंवा स्टिअरिंग यांनी त्यात काही फरक पडतो का. एवढ्यावर चांगला मेकॅनिक निम्मं निदान उभ्या उभ्या करतो.

आवाज फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येत असेल तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवा. दादरहून अंधेरीपर्यंत ट्रॅफिकमधून चालवत नेलीत तर पोहोचेपर्यंत पुरावा पुसला जातो. बोनेट उघडून मोबाइलवर व्हिडिओ घेतलात तर उत्तम, फक्त बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये इंजिन फार वेळ चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

३. टकटक आवाज येतो. एक म्हणतो टॅपेट, दुसरा म्हणतो बेअरिंग. खरं कोणाचं?

या दोन निदानांच्या बिलात फार मोठा फरक आहे, म्हणून नीट ऐका.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग. त्याचा आवाज हलका, धातूचा, इंजिनाच्या वरच्या बाजूने येतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे ८०० आरपीएमला एक सैल टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज जड असतो, खालून येतो आणि याच्या दुप्पट घाईने पडतो. इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की तो वाढतो. गाडीवर जोर आला किंवा चढवलेला ॲक्सिलरेटर एकदम सोडला की जास्त स्पष्ट ऐकू येतो.

खात्री करायची जुनी रीत म्हणजे एकेका सिलिंडरचं काम तात्पुरतं थांबवून ऐकणं. बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरचा स्फोट बंद करताच आवाज दबतो. टॅपेटला काही फरक पडत नाही. हे करताना घ्यायची काळजी प्रश्न ६ मध्ये आहे.

दोघांनाही फसवणारा तिसरा आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं फुटलेलं गॅस्केट. हुबेहूब टॅपेटसारखं टिकटिकतं, थंड असताना जास्त, आणि धातू तापून फुगला की कमी होतं. जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसला की समजा. टॅपेट दोनदा लावूनही टिकटिक गेली नाही अशा गाड्यांत मी पहिल्यांदा तिथेच बघतो. चौथा म्हणजे झिजलेला पिस्टन. तो थंड इंजिनात बोथट खटखटतो आणि गरम झाल्यावर गप्प होतो. ऑइल जळत नसेल तर त्याच्यासह वर्षानुवर्षं गाडी चालते.

मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावतो ते थोतांड नाही. आवाज कुठून येतो ते त्याने खरंच कळतं. तुम्ही करणार असाल तर बेल्ट आणि पंख्यापासून लांब राहा.

४. माझी गाडी सीएनजीवर आहे. टॅपेट अजिबात वाजत नाहीत, तरी आयडलला मिसिंग. प्लग, कॉइल सगळं बदललं. आता?

टॅपेट वाजत नाहीत हीच कदाचित तक्रार आहे. मुंबईत वर्षानुवर्षं सीएनजीवर पळालेल्या गाड्यांमध्ये हा प्रकार इतका दिसतो, तरी सगळ्यात शेवटी तपासला जातो.

सीएनजी कोरडा वायू आहे. तो जळताना व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये पेट्रोलच्या वेळी मिळतं तेवढं संरक्षण मिळत नाही. मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि नंतर किट बसवलेल्या इंजिनात सीट हळूहळू झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याची दांडी वर सरकते आणि रॉकरशी असलेली फट कमी होत जाते. फट कमी म्हणून आवाज कमी, आणि मालक खूश. एक दिवस फट उरतच नाही. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं आणि आयडलला तो सिलिंडर मार खातो. वेग वाढला की निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून रस्त्यावर गाडी ठीक वाटते. असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेडकामाला पर्याय राहत नाही.

म्हणून सीएनजी गाडीत टॅपेटची फट कानाने तपासू नका, थंड इंजिनावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा, ‘सगळ्यांना एवढंच ठेवतो’ म्हणणाऱ्याचा नको. थोडा वाजणारा टॅपेट हा न वाजणाऱ्या घट्ट टॅपेटपेक्षा केव्हाही बरा.

त्याआधी एक फुकटची चाचणी: गाडी पेट्रोलवर टाका. पेट्रोलवरही मिसिंग असेल तर दोष इंजिनात किंवा इग्निशनमध्ये. फक्त सीएनजीवर असेल तर किटचा फिल्टर, रिड्यूसर (वायूचा दाब कमी करणारा भाग) आणि ट्यूनिंग बघा. पण सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे दमलेला प्लग किंवा वायर आधी सीएनजीवरच उघडी पडते हेही लक्षात ठेवा.

५. उभी असताना थरथरते, पण फ्रीवेवर एकदम मऊ पळते. असं कसं?

बहुतेक वेळा कुठूनतरी चोरून हवा आत शिरते आहे. आयडलला थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी झडप) जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढ सगळ्यात जास्त असते, आणि इंजिनाला एकूण हवाच इतकी कमी लागते की एका चिरलेल्या पाइपातून आलेली हवाही मिश्रण बिघडवते. वेगात तेवढीच हवा किरकोळ ठरते.

रबरी व्हॅक्यूम पाइप मुंबईच्या उकाड्यात कडक होऊन टोकाशी चिरतात. बोनेट उघडून ‘सूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो का ऐका. ब्रेक पेडल दाबताच आयडल बदलत असेल तर ब्रेक बूस्टरचा पाइप किंवा बूस्टरच संशयित. तो वेळीच बघा, तिथे आयडलपेक्षा ब्रेकचा प्रश्न मोठा आहे.

एक गंमत: मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या इंजेक्शन गाड्यांत अशी गळती झाली की आयडल खडबडीत न होता कधी कधी नुसतं चढून बसतं. तेव्हा ‘आयडल १३०० च्या खाली येतच नाही’ हीसुद्धा याच प्रश्नातली तक्रार समजा. संशयित जागेवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून बघणारे आहेत, पण तापलेल्या एक्झॉस्टवर ते पेट घेऊ शकतं. स्प्रे बाटलीतल्या पाण्याचा हलका फवारा पुरतो, तो विजेच्या जोडांपासून दूर मारा.

६. मला फार काही येत नाही. घरी कोणत्या क्रमाने तपासू?

डिपस्टिकवर ऑइल बघा. मग एअर फिल्टर. मग व्हॅक्यूम पाइप आणि उंदरांच्या खुणा (प्रश्न ११). मग प्लग काढून रंग बघा: फिका तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर शोध त्या सिलिंडरपुरता उरला. प्लग काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते खडूने लिहून ठेवा. सगळे एका डब्यात टाकलेत की पुरावा गेला.

सिलिंडर एकेक बंद करून बघायचं असेल तर जो बंद केल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तोच आळशी सिलिंडर. इंजेक्शन गाडीत त्यासाठी इंजेक्टरचा सॉकेट काढा. प्लगची वायर काढली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत वायरच काढावी लागते, पण इंजिन बंद असताना काढा, तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवून (अर्थिंग करून) ठेवा आणि मग सुरू करा. चालू इंजिनात उघड्या हाताने ओढू नका, झटका जोरदार असतो.

७. या आवाजासह पुण्याला जाऊन येऊ का?

टिकटिक असेल, ऑइल पुरेसं असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल तर जाऊन या. जड ठोका असेल किंवा गरम इंजिनात आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर सायनपर्यंतसुद्धा नको, टो करून न्या. चेक इंजिनचा दिवा लागून राहण्याऐवजी मिचकावत असेल तर ते जोरदार मिसिंग आहे. ॲक्सिलरेटर सोडा आणि जवळच्या गॅरेजला जा.

८. कार्ब्युरेटरची गाडी आहे. इथे सगळं वेगळं का?

तत्त्व तेच, पण सेन्सर नसल्यामुळे चुका झाकणारं कुणी नाही. आयडल बिघडलं की सगळे आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवतात. तो हात शेवटी लावायचा. आधी टॅपेट, मग डेल्कोमधले (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग, मग प्लग, आणि हे सगळं जाग्यावर आलं की मिश्रण. क्रम उलटा केला तर एका दोषावर दुसरा दोष चढवून गाडी कशीबशी उभी राहते आणि पुढच्या मेकॅनिकला काही उमगत नाही. ट्यूनिंग करूनही आयडल धरत नसेल तर आयडल जेटमधला कचरा, वाकलेला फ्लोट आणि थ्रॉटलच्या दांडीभोवती झिजलेलं भोक बघा. झिजलेल्या भोकातून हवा शिरते आणि कुठलाही स्क्रू तिला अडवत नाही.

नुसत्या कानाने कार्ब्युरेटर लावणारे हात मुंबईत कमी होत चाललेत. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींवर जगणारी गॅरेजंही तिच्यामागोमाग आवरली. तुमच्या भागात असा एखादा म्हातारा उस्ताद असेल तर त्याला धरून राहा.

९. स्कॅनर लावला तर सगळं कळेल ना?

गाडीच्या वयावर आहे. मुंबईत प्रदूषणाचे बीएस-४ नियम एप्रिल २०१० मध्ये आले आणि त्यांच्यासोबत ओबीडी, म्हणजे दोष स्वतः नोंदवणारी गाडीतली यंत्रणा. त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत बाजारातला साधा ब्लूटूथ स्कॅनर बहुधा जोडलाच जात नाही, त्या कंपनीचं जुनं यंत्र लागतं.

कोड मिळाला तरी तो पत्ता असतो, निकाल नसतो. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की घट्ट टॅपेटमुळे हे यंत्र सांगत नाही. कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. कोड तिच्यामागे सरकला तर दोष कॉइलचा. पैसे न लागणारी यापेक्षा चांगली चाचणी नाही.

१०. पावसाळ्यात सकाळी मिसिंग, दुपारी ठणठणीत. शिवाय एकदा पाण्यातून काढली होती, त्याचा काही संबंध?

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

सकाळचं मिसिंग बहुतेक दमटपणाचं. डेल्कोच्या झाकणात किंवा प्लगच्या खड्ड्यात ओल धरते, वीज वाट सोडून पळते, आणि इंजिनाच्या उष्णतेने ओल वाळली की सगळं सुरळीत. रात्री दिवे घालवून, बोनेट उघडून चालू इंजिन बघा. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर निदान झालं. झाकणाला केसासारखी चीर असेल तर पुसून भागत नाही, बदला.

पाण्याचं गंभीर आहे. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि कुणी पुन्हा स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी सुरू होते, चालतेही. फक्त त्या सिलिंडरचं कम्प्रेशन उतरतं, आयडल खडबडीत होतं आणि काही काळाने ठोका ऐकू येऊ लागतो. त्यामुळे पाणी ओसरून कितीही दिवस झाले असले तरी मेकॅनिकला ती हकिकत सांगा. आणि पुढच्या वेळी बंद पडलेल्या गाडीला पाण्यात चावी लावू नका, ढकलून बाहेर काढा.

११. उंदीर खरंच एवढं नुकसान करतात?

करतात. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, त्यातून पावसाळ्यात, गरम इंजिनाची जागा त्यांना आवडते. इंजेक्टरची वायर किंवा व्हॅक्यूम पाइप कुरतडला की काल ठीक असलेली गाडी आज अचानक मिसिंग करते. ‘अचानक’ हाच सुगावा: झिजेतून येणारा दोष हळूहळू वाढतो. लेंड्या, शेंगांची टरफलं, एअर फिल्टरच्या डब्यातला कागदाचा भुगा बघा.

१२. एसी लावला की आयडल कोसळतं.

कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिनाने आयडल थोडं चढवायचं असतं. ते काम करणारा आयडल व्हॉल्व्ह किंवा जुन्या गाडीतली व्हॅक्यूमची डबी काजळीने अडकलेली असते. साफ करून बघा. हेडलाइट, वायपर, एसी एकत्र लावल्यावरच होत असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटरही तपासा. एसीबरोबर खरखर येत असेल तर दोष इंजिनात नाही, कॉम्प्रेसरच्या क्लच बेअरिंगमध्ये असावा.

१३. थ्रॉटल बॉडी साफ केली आणि आयडल आणखी बिघडलं!

घाबरू नका. संगणकाने काजळी धरून आयडल शिकलेलं असतं. काजळी गेली, हवा जास्त आली, आकडे जुनेच राहिले. काही गाड्यांत थोडं चालवल्यावर जुळतं, काहींत स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं. बॅटरी काढून जोडल्यावरही हेच होतं. हेलकावे तरीही थांबले नाहीत तर प्रश्न ५.

१४. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे माझी जुनी गाडी अशी झाली का?

सरसकट नाही, पण संबंध असू शकतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच प्रमाणात मिश्रण हलकं (हवा जास्त, इंधन कमी असं) होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शन गाडी ते बऱ्याच अंशी सावरते. कार्ब्युरेटरला सावरता येत नाही, त्याला नव्याने ट्यून करावं लागतं. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, मग फिल्टर तुंबतो. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात. ते पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीला जास्त त्रास. रबर बदला, फिल्टर बदला, टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका. टॅपेटचा किंवा बेअरिंगचा आवाज मात्र ई२० च्या माथी मारू नका.

१५. जाड ऑइल टाकलं की आवाज जाईल म्हणतात.

आवाज दबेल, झीज तिथेच राहील. गाडी विकायला काढलेल्यांची ही युक्ती आहे. जुनी गाडी घेताना थंड इंजिन स्वतः सुरू करून बघायचं ते यासाठीच.

१६. मेकॅनिक म्हणतो, “साहेब, इंजिन खोलावं लागेल.” मान्य करू का?

आधी कम्प्रेशनचे आकडे मागा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर. सिलिंडरांमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काहीतरी आहे. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग-पिस्टन, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच उतरले असतील तर हेड गॅस्केट. व्हॉल्व्ह निघाला तर टॅपेटची फट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका (प्रश्न ४). हे न करता खोलायला निघालेल्याला नम्रपणे नाही म्हणा आणि दुसरीकडे जा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून गॅस्केट गेलं असंही लगेच धरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसती ओल असते. डिपस्टिकही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र खरं.

१७. पार्ट कुठे शोधू?

नवे ऑपेरा हाऊसच्या बाजारात, वापरलेले कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. सेन्सर, कॉइल, माउंटिंग नवंच घ्या. कार्ब्युरेटरची बॉडी, हेड, मॅनिफोल्ड असे न मिळणारे भाग वापरलेले चालतात. जुना भाग सोबत न्या, फोटोवर भागत नाही.

१८. पीयूसीमध्ये नापास झाली. याच कारणाने?

बहुधा. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. मिश्रण जड (पेट्रोल जास्त) असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाड्यांना मर्यादा ०.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ७५० पीपीएम हायड्रोकार्बन आहे. कोणता आकडा अडला ते पावतीवर वाचा, अर्धं निदान तिथेच छापलेलं असतं. गाडी पंधरा वर्षांची होत असेल तर नूतनीकरणाच्या तपासणीआधी हे उरकून घ्या.

१९. सगळं केलं, इंजिन निर्दोष निघालं, तरी आवाज आहेच!

मग तो इंजिनाचा नसेल. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. ठरावीक आरपीएमलाच पत्रा थरथरल्यासारखं वाजत असेल तर एक्झॉस्टवरचं उष्णतारोधक पत्र्याचं कव्हर सुटलंय, एक क्लॅम्प लावला की संपलं. बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवल्यावर आवाज गेला तर अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनर. यातलं कोणतं सैल फिरतंय ते बेल्ट काढलेला असतानाच हाताने फिरवून कळतं.